प्रयोगशाळेतील उंदरांची निवासव्यवस्था

प्रयोगशाळेतील उंदरांची निवासव्यवस्था : वैद्यकीय संशोधनासाठी पाळलेल्या उंदरांचे पिंजरे, अंथरण, तापमान, प्रकाश, सोबत व हाताळणी यांचा समावेश या संज्ञेत होतो. मस मस्क्युलस या जातीचा उंदीर लहान, अल्पायुषी व शीघ्र प्रजननक्षम असल्यामुळे कर्करोग, मधुमेह, वार्धक्य इ. विषयांच्या अभ्यासात तो मोठ्या प्रमाणावर वापरतात. कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) प्राणिशास्त्र अधिविभागात डी-गॅलॅक्टोज देऊन उंदरांत वार्धक्यसदृश बदल घडविण्यात आले व त्यांवर वनौषधींचे होणारे परिणाम अभ्यासण्यात आले. अशा प्रयोगांत निवासामुळे येणारा ताण औषधाच्या परिणामात मिसळल्यास निष्कर्ष सदोष ठरू शकतो.

भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमान्वये नेमलेली केंद्रीय समिती प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण करते. १९९८ च्या नियमांनुसार संस्थेची नोंदणी व नीतिसमितीची मान्यता आवश्यक असते. समितीच्या मार्गदर्शक तत्त्वांत १८°–२९° से. तापमान, ३०–७० टक्के आर्द्रता आणि २५ ग्रॅ.पेक्षा अधिक वजनाच्या प्रत्येक उंदरासाठी ९६·७ चौ. सेंमी. जागा सांगितली आहे. ही जागा टपालाच्या पोस्टकार्डाहूनही लहान आहे. ती किमान मर्यादा होय, समाधानकारक निवासाचे माप नव्हे.

तापमान व अंथरण : माणसाला सुखद वाटणाऱ्या २०°–२४° से. तापमानात उंदराला थंडी वाजते. आकारमानाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग मोठा असल्याने त्याची उष्णता लवकर जाते. विश्रांतीच्या स्थितीत सु. २९°–३१° से. तापमान त्याला मानवते. ३०° से. तापमानात ठेवलेल्या उंदरांतील अर्बुदांची वाढ २२° से.च्या तुलनेत मंद असल्याचे अमेरिकेतील संशोधकांना २०१३ मध्ये आढळले. खोली सरसकट तापविण्याऐवजी घरटे बांधण्यासाठी ६–१० ग्रॅ. मऊ कागदाच्या पट्ट्या दिल्यास उंदीर आपली ऊब स्वतः राखू शकतो. कोल्हापूर परिसरात मुबलक मिळणारे भाताचे तूस अंथरणासाठी वापरता येते. परंतु ते ओलावा कमी शोषते व त्याचे घरटे होत नाही. पावसाळ्यातील दमट हवेत ओले अंथरण वेळेवर न बदलल्यास मूत्रापासून निर्माण होणारा अमोनिया श्वसनमार्गास अपाय करतो.

सोबत व हाताळणी : उंदीर समूहप्रिय असल्याने त्यास विनाकारण एकटे ठेवू नये. नर मात्र आपसांत भांडतात. पिंजरा बदलताना जुन्या घरट्याचा भाग नव्या पिंजऱ्यात ठेवल्यास ही भांडणे कमी होतात. शेपटी धरून उचललेल्या उंदरांपेक्षा नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर कमी भयभीत असतात, असे इंग्लंडमधील संशोधनात २०१० मध्ये दिसून आले. या सुधारणेला खर्च जवळजवळ नाही.

आक्षेप व मर्यादा : पिंजऱ्यात घरटे, आडोसा इ. सोयी केल्यास प्रयोगफलांत विषमता वाढेल, असा आक्षेप घेतला जाई. तीन प्रयोगशाळांत एकाच वेळी केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तशी वाढ आढळली नाही. उलट, ओक्याबोक्या पिंजऱ्यातील उंदरांत गज कुरतडत राहणे, पुनःपुन्हा मागे कोलांटी मारणे यांसारख्या निरर्थक क्रिया दिसतात. अनेक प्रयोगांच्या २०२२ मधील एकत्रित विश्लेषणात रूढ पिंजऱ्यांतील कृंतक प्राण्यांत रोगांची तीव्रता व मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.

रसेल व बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या घटविणे व पद्धती सुधारणे ही त्रिसूत्री मांडली. निवाससुधारणा तिच्या तिसऱ्या सूत्रात मोडते. तिने प्रयोगातील वेदना नाहीशी होत नाही व प्राणी वापरावा की नाही, हा प्रश्नही सुटत नाही. मात्र प्रयोगास आवश्यक नसलेले दुःख टळते आणि निष्कर्ष अधिक विश्वसनीय होण्यास मदत होते.