थर्मामीटर फुटला? द्राक्षबागेतला गंधक आठवा

परवा आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला. मोलकरीणबाई झाडू घेऊन धावल्या, मी ओरडलोच! झाडूने एका थेंबाचे शंभर होतात. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, गरम हवेबरोबर वाफ घरभर.

आधी बांगड्या-अंगठ्या काढा. पारा सोन्याला चिकटून मिश्रधातू होतो, दागिना पांढरा पडतो. खिडक्या उघडा, पंखा बंद. जाड कागदाने थेंब एकत्र ढकलायचे, ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या बाटलीत.

फटींत उरलेल्यासाठी गंधकाची पूड. नाशिककरांना ती नवी नाही, द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी धुरळतात तीच. पारा आणि गंधक मिळून मर्क्युरिक सल्फाइड होतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि पाऱ्यासारखी वाफही सोडत नाही. वैद्य खलात दोन्ही घोटून काळी कज्जली करतात, चमक पूर्ण गेली की 'निश्चंद्र' म्हणतात. गंमत इथेच आहे: तासन्‌तास का घोटतात? कारण थेंबाच्या फक्त पृष्ठभागावर क्रिया होते. म्हणून मोठ्या थेंबांवर नुसती पूड भुरभुरवून भागत नाही, आधी वेचणं आलंच.

प्रयोगशाळेत जस्ताची पूडही वापरतात. पारा तिच्यात मुरून घट्ट होतो. त्यासाठी सौम्य आम्ल लागतं, तेव्हा घरी तो उद्योग नको.

गालिच्यात शिरला असेल तर तेवढा तुकडा कापा. आणि बाटली घंटागाडीत सुक्या कचऱ्यात नको. २०१६ च्या घनकचरा नियमांतही फुटका थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात मोडत होता, तो वेगळाच द्या.