गुडघ्याच्या बिलाचे दुसरे पान

रत्नागिरीकडचा गृहस्थ घराची कौले शाकारायला काढतो, तेव्हा नव्या कौलांचा दर विचारून थांबत नाही. रिपा किती कुजल्या असतील, गडी किती दिवस लागतील, त्यांच्या चहापाण्याचे काय, याचाही तो अदमास घेतो. तोच गृहस्थ आईचा गुडघा बदलायचे ठरवतो तेव्हा मात्र एवढेच विचारतो, "ऑपरेशनचे किती?" इस्पितळाने सांगितलेली रक्कम जमली, की पैशाची बाजू मिटली असे तो समजतो. वास्तविक ते बिलाचे पहिलेच पान असते.

गुडघा किंवा खुबा बदलणे आता नवलाचे राहिलेले नाही. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, तेव्हा या शस्त्रक्रियेची घरोघर चर्चा झाली. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. दीड लाखाच्या वर विकला जाणारा नेहमीच्या धातूचा सांधा कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. मध्यमवर्गीयांना हा मोठाच दिलासा होता. पण घरी परतल्यानंतर जो खर्च सुरू होतो, त्याला कोणी मर्यादा घालून दिलेली नाही.

हिशेब मांडून पाहू

हा खर्च असतो तरी कशाकशाचा? पुढचे दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून बेरीज करावी. घरी येऊन व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे आला, तर अठरा फेऱ्या होतात. फेरीला ५०० प्रमाणे ९,००० रुपये. सोबतीला बाई महिनाभर, रोज ७०० प्रमाणे २१,०००. वॉकर, काठी, उंच कमोड आणि न्हाणीघरातले धरायचे दांडे मिळून ६,०००. शस्त्रक्रिया मुंबईस झाली असेल, तर तपासणीसाठी मोटारीच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी १२,००० प्रमाणे २४,०००. बेरीज झाली ६०,०००. म्हणजे खुद्द सांध्याच्या त्या किमतीहून अधिक!

विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. सांधे बदलण्यासाठी बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीची काही वर्षे थांबावे लागते. घरी आल्यानंतरचा खर्च ठराविक दिवसांपुरताच मिळतो, पुष्कळदा साठ दिवसांपुरता. वॉकर, खासगी परिचारिका आणि सोबतीचे माणूस यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर इस्पितळातल्या आरोग्यमित्राला आधीच गाठावे आणि घरी गेल्यावरचे काय काय मिळेल, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

काटकसर कोठे करू नये

पैसा आटत आला की घरात पहिली कुऱ्हाड व्यायामावर पडते. "आता चालते की आई छान! कशाला रोज पाचशे घालवायचे?" हा विचार महागात पडतो. शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करतात, कारण सांधा लवकर हलवला नाही तर आतल्या आत तंतू धरून तो आखडतो. खुर्चीतून सहज उठायला गुडघा निदान काटकोनात वाकावा लागतो, जिना चढायलाही तेवढाच. तेवढा तो वाकला नाही, तर लाखो रुपये खर्चूनही आई पलंगाशीच जखडलेली राहते. कधी कधी भूल देऊन गुडघा वाकवून घेण्याची पाळी येते, आणि ते बिल पुन्हा निराळे.

वाचवायचेच असेल तर अन्यत्र वाचवावे. आळीत कोणाकडे वॉकर पडून असेल तर मागून आणावा. डॉक्टरांची संमती असेल तर एक्स-रे रत्नागिरीतच काढून मोबाइलवरून पाठवावा; मुंबईची एक फेरी वाचेल. पण पोटरी दुखून सुजली, जखमेतून पाणी आले, ताप चढला किंवा दम लागला, तर पैशाचा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घर आणि घरातली माणसे

आपली कोकणातली घरे निरोगी पायांसाठी बांधलेली आहेत. चिऱ्याचे उंच जोते, दारोदारी उंबरठे, जेवायला पाट, परसात संडास, आणि पावसाळ्यात पायऱ्यांवर बुळबुळीत शेवाळ. खुबा बदललेल्या माणसाला तर पहिले काही आठवडे बसकी बैठक आणि मांडी वर्ज्यच असते. म्हणून रुग्ण घरी येण्यापूर्वीच त्याची खोली, उंच खुर्ची आणि न्हाणीघर सिद्ध असावे.

आणखी एक खर्च आहे, तो कोणत्याच पावतीवर दिसत नाही. मुलगा मुंबईस नोकरीला, मुलगी पुण्यास. मग सहा आठवडे आंघोळ, पथ्य, औषधे आणि रात्रीचे उठणे कोणाकडे? बहुतेक घरी सुनेकडे. तिची बुडालेली रजा किंवा शिकवण्या, तिची झोप, यांची किंमत कोणी धरीत नाही. ज्यांना येणे जमत नाही त्यांनी निदान सोबतीच्या बाईचा पगार उचलावा, आणि हे शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. मागाहून ठरवू म्हटले की भावंडांत कटुता येते.

कोकणच्या दृष्टीने दिवाळीनंतरचा काळ या कामाला सोयीचा. पाऊस सरलेला असतो, पायऱ्या कोरड्या असतात आणि आंब्याची धांदल अजून दूर असते. सहा आठवडे ते तीन महिने नेटाने व्यायाम झाला, तर बहुतेकांचे रोजचे व्यवहार पूर्ववत होतात. तेव्हा फराळाला मुले घरी जमतील त्याच दिवशी कागद घ्या आणि बिलाच्या दोन्ही पानांची बेरीज करा. ती नीट जमली, तर शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारी येईल तेव्हा ओटी भरायला आई स्वतःच्या पायांनी अंगणात उतरलेली असेल.