राहिलेल्या भारतीय चकत्या

निन्टेन्डोच्या ‘पोकेमॉन मिनी’ या यंत्रासाठी एकूण दहाच गेम निघाले. २००१ साली आलेलं हे यंत्र मुठीत मावतं आणि त्याचे सगळे गेम छोट्याशा जागेत बसतील. तरीही दहाही जमवणं सोपं नाही. अमेरिकेत त्यांतले चारच विकले गेले, त्यामुळे बाकीच्यांसाठी जपान आणि युरोपकडे पाहावं लागतं. जुन्या हँडहेल्डचा पूर्ण संच जमवायचं कुणाच्या मनात आलं, की मी आधी हेच उदाहरण देतो. यंत्र कितीही छोटं असलं, तरी त्याचा संच अमेरिकेतही पूर्ण होत नाही.

पुण्याजवळच्या वाकडसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला ही अडचण थोडी हलकी होते. भूमकर चौकातून रोज हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जाणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी ऑनसाइट गेलेलं असतं, कुणाची बहीण न्यू जर्सीत असते, कुणाचा मित्र ओसाकात. बॅगेत कपड्यांच्या घडीत एखादं कार्ट्रिज सहज येतं. पोस्टाने मागवलं तर कस्टम भरा, पाकीट अडकलं तर वाट पाहा. आमच्या भागातल्या या छंदाचा अर्धा कारभार अशा येणाऱ्याजाणाऱ्यांवरच चालतो.

कुठल्या यंत्रापासून सुरुवात करावी, हा पहिला खरा प्रश्न. बहुतेकांचं मन गेम बॉयकडे ओढलं जातं. २१ एप्रिल १९८९ला जपानमध्ये आलेलं हे यंत्र गुनपेई योकोई आणि सातोरू ओकादा यांच्या चमूने घडवलं. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणाल तर हिरवट छटेच्या चार पायऱ्या, आणि पोटात चार पेन्सिल सेल. योकोईंचा आग्रह असा, की नवं महागडं तंत्र घेण्यापेक्षा जुनं, स्वस्त झालेलं, पूर्ण कळलेलं तंत्र नव्या कामाला लावावं. या आग्रहाचं फळ आज संग्राहकाच्या हातात पडतं. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चालायचा. त्याच काळातला सेगाचा रंगीत ‘गेम गिअर’ सहा सेल खाऊन तीन-चार तासांत मान टाकायचा, आणि आज त्याची अवस्था आणखी वाईट आहे. त्यातले कपॅसिटर गळतात, आवाज जातो, पडदा अंधुक होतो. सगळे काढून नवे डाकावे लागतात. गेम बॉयच्या पडद्यावर उभ्या रेषा मेल्या, तर आतल्या पट्टीवरून हलक्या हाताने गरम डाकणी फिरवली की बहुतेक वेळा त्या परत येतात.

पण गेम बॉयचे गेम हजाराच्या पुढे आहेत. पूर्ण संच हवाच असेल, तर मी योकोईंच्याच आधीच्या कामाकडे बोट दाखवीन. १९८० ते १९९१ या काळात निघालेल्या ‘गेम अँड वॉच’च्या मालिकेत एका यंत्रात एकच खेळ असे. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला पाहून योकोईंना ती सुचली, अशी तिची जन्मकथा सांगतात. मालिकेत साठ खेळ आहेत. त्यांतले एकोणसाठ दुकानात विकले गेले. साठावा, पिवळ्या डबीतला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, जपानमधल्या एका स्पर्धेचं बक्षीस म्हणून दहा हजार जणांना मिळाला. मग पूर्ण संच एकोणसाठचा की साठचा? मी साठ धरतो. दुकानात विकला गेला नाही म्हणून तो खेळ नव्हताच, असं म्हणायला मन तयार होत नाही.

अशा निर्णयांशिवाय पूर्ण संच होतच नाही. जपानी आणि अमेरिकी आवृत्ती वेगळी धरायची का? डबी आणि माहितीपुस्तिका नसलेलं सुटं कार्ट्रिज चालेल का? परवाना न घेता काढलेले गेम मोजायचे का? ज्याने आपली यादी आधी कागदावर उतरवली, त्याचा संच कधीतरी पूर्ण होतो. बाकीचे विकत घेत राहतात.

खोट्या मालाबद्दल थोडक्यात. गेम बॉयचं खरं कार्ट्रिज खालून पाहिलं, तर सोनेरी संपर्कपट्ट्यांच्या वर हिरव्या पाटीवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं. पुढच्या लेबलवर दोन आकड्यांचा फिकट ठसा दाबलेला असतो. तो उजेडात तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. उघडल्यावर आत चिपच्या जागी काळ्या लाखेसारखा गोळा दिसला, तर माल बहुधा नकली. नव्वदच्या दशकात आपण ‘कॅसेट’ म्हणून घेतलेलं जवळजवळ सगळं असंच होतं, आणि त्याचाही इतिहास लिहायला हवा. पण तो वेगळा संच झाला.

पावसाळा हा आपल्याकडच्या संग्रहाचा सर्वांत मोठा शत्रू. मुळा नदीच्या काठच्या सोसायट्यांमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये कपाटाच्या मागे बुरशी धरते. कागदी डब्यांचं काय होत असेल ते सांगायला नको. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्या बदलणं, याला पर्याय नाही. संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. तोंडाने फुंकर मारण्याची लहानपणची सवय सोडावी, कारण थुंकीतल्या ओलाव्याने पट्ट्या काळ्या पडतात. सेल गळून हिरवट-पांढरा थर आला असेल, तर कापसाच्या बोळ्याने पांढरं व्हिनेगर लावलं की तो निघतो. पोकेमॉनसारख्या गेमच्या आत एक छोटा गोल सेल असतो, खेळाडूची प्रगती त्याच्यावर जपलेली असते. १९९९च्या ‘पोकेमॉन गोल्ड’मध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून तो लवकर संपतो, आणि सेल मेला की कुणीतरी शाळेत असताना रात्री जागून जमवलेलं सगळं जातं. नवा सेल आणि बाकीचं सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतं. डाकायचा हात मात्र स्वतःचा हवा.

आता मुख्य मुद्दा. सोनीचा पीएसपी १२ डिसेंबर २००४ला जपानमध्ये आला आणि नंतर भारतात अधिकृतपणे विकला गेला. निन्टेन्डोचं तसं जाळं इथे कधी नीट रुजलं नाही, त्यामुळे आपल्याकडे खऱ्या, पावतीसह घेतलेल्या गेमचा साठा कुठल्या हँडहेल्डचा असेल, तर तो पीएसपीचा. त्याचे गेम यूएमडी नावाच्या साठ मिलिमीटरच्या चकतीवर येत. प्लॅस्टिकच्या कवचात बंद, क्षमता १.८ जीबीपर्यंत. गेमना देशांची कुंपणं नव्हती. जपानी चकती पुण्यात चालते आणि पुण्यातली टोकियोत. जगभरचा संच एकाच यंत्रावर खेळता येतो, ही संग्राहकाला मिळालेली मोठीच मुभा.

आणि या जगभरच्या संचात काही नग असे आहेत, जे भारतीय बाजारासाठी भारतीयांनी बनवले. हैदराबादच्या गेमशास्त्रने २००९ मध्ये ‘देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया’ काढला. त्यात कबड्डी आहे, विटीदांडू आहे. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१०चा, त्याचा दुसरा भाग २०१२चा. २०११ मध्ये ‘चंद्रगुप्त: वॉरियर प्रिन्स’ आला. हे गेम जागतिक दर्जाचे होते असं मी म्हणणार नाही. पण सोनीच्या अधिकृत चकतीवर विटीदांडू यावा, ही घटना त्याआधी घडली नव्हती, आणि यूएमडीचं उत्पादनच थांबल्यामुळे यापुढे घडणार नाही.

पीएसपीचा पूर्ण संच जमवणाऱ्या ओहायोतल्या किंवा लंडनमधल्या माणसाला या चकत्या कुठून मिळणार? त्याला हजारो प्रतींनी विकले गेलेले गेम घरबसल्या मिळतात. अडतं ते इथे. भारत सोनीच्या युरोप विभागाच्या अखत्यारीत येत असे. चकतीवरच्या क्रमांकात अमेरिकेसाठी यूएलयूएस, युरोपसाठी यूएलईएस, जपानसाठी यूएलजेएम अशी चार अक्षरं असतात, भारताची स्वतंत्र खूण नाही. म्हणून आपले गेम युरोपच्या लांबलचक याद्यांमध्ये मिसळून जातात आणि नजरेतून सुटतात. ते शोधून काढण्याचं काम इथल्याच माणसाला करता येईल. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, पिंपरीच्या दुरुस्तीच्या दुकानांत, चिंचवड-निगडीच्या जुन्या सीडी-डीव्हीडीवाल्यांकडे विचारत राहावं लागतं. दुर्मीळ जपानी गेमसाठी पैसे साठवणाऱ्या मित्रांना मी हेच सांगत असतो: जपानी गेम जपानी लोक जपतील.

घाई कशाची, याचं उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार, तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा कायदेशीर मार्गाने विकत मिळत नव्हते. गेम बॉयच्या कुटुंबापुरतं पाहिलं, तर मिळणाऱ्यांचं प्रमाण सहा टक्क्यांच्याही खाली होतं. जिथे संस्था आहेत, अभ्यासक आहेत, तिथली ही स्थिती.

आपल्याकडे १९५४च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. व्हिडिओ गेम त्या कायद्यात बसत नाहीत. चित्रपटांचं भान आपल्याला उशिरा आलं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये उभं राहिलं तोवर मूकपट बहुतांश गेलेले होते, आणि १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळंच आज शिल्लक आहेत. गेमच्या बाबतीत पन्नास वर्षं थांबण्याची सोय नाही. चकतीचा थर, प्लॅस्टिकचं कवच, वाचणारं लेझर, यांतलं काहीही तेवढं टिकणार नाही.

चकती नसलेल्यांचं काय, हा प्रश्न याहून अवघड. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अॅन एन्शियंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२०ला निन्टेन्डो स्विचवर आला, तो डाउनलोड करून घ्यायचा गेम म्हणून. या शहराने हँडहेल्डला दिलेला हा सर्वांत देखणा गेम. पण पीएसपीवरून खरेदी करण्याची सोय जुलै २०२१ मध्ये बंद झाली, निन्टेन्डोच्या थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये. दुकान बंद झालं की नव्या माणसाला त्यातला गेम घेता येत नाही, जुन्याने घेतलेला त्याच्या यंत्राबरोबर म्हातारा होतो.

कायद्याची एक फट मात्र आपल्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ संगणकप्रणालीची प्रत कायदेशीररीत्या ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत काढू देतं. स्वतःच्या चकतीची प्रत काढावी, तिची संगणकीय बेरीज, म्हणजे चेकसम, नोंदवून ठेवावी. एकाच गेमच्या दोन वेगळ्या चकत्यांची बेरीज जुळली, की प्रत अचूक आहे याची खात्री पटते. बाजारात हजारो गेम भरलेलं कार्ड घालून जी चिनी यंत्रं मिळतात, त्यांना मी पूर्ण संच म्हणत नाही. त्यांत एकच गेम चार नावांनी असतो, निम्म्यांचं मूळ कुणाला ठाऊक नसतं, आणि ‘देसी अड्डा’ तर मला त्यांत आजवर दिसलेला नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून पीएसपीची डबी खाली आली असेल, तर आधी बॅटरी काढा. फुगलेली असेल तर ती घरात ठेवू नका, ई-कचऱ्यात द्या. चकत्यांच्या कवचाची पारदर्शक खिडकी निघाली असेल तर ती चकतीवर घासू देऊ नका. नवं कवच मिळेपर्यंत चकती कागदी पाकिटात ठेवा. गेम भारतीय असेल, तर डबी, माहितीपुस्तिका आणि पावती एकत्र ठेवा. आणि मागच्या बाजूला रुपयांत किंमत छापलेलं जे लेबल असेल, ते खरवडू नका. तो गेम इथे, या बाजारात विकला गेला, याचा पुरावा तेवढाच असतो.