गवंड्याचा अंगठा आणि मोबाइल

बांधकामाच्या धंद्यात मोबाइल शिरला म्हणजे नेमके काय झाले, ते आज आपण पाहू. आम्ही शाळा फार शिकलो नाही. जे कळले ते हजेरीपटावरून कळले.

पूर्वी हिंगोलीतला मजूर सकाळी नाक्यावर उभा राही. आता मुकादमाचा फोन रात्रीच येतो. स्लॅबची सळई बांधून झाली की तिचा फोटो शहरातल्या इंजिनिअरकडे जातो. त्याने हो म्हटले की मग काँक्रीट पडते. ह्यात आम्हांला काही खोट दिसत नाही. काँक्रीटखाली गेलेली चूक पुन्हा कोणाला दिसणार?

मजुराच्या हक्काची गोष्ट मात्र निराळी. बांधकाम कामगारांचा मूळ कायदा १९९६ सालचा होता. त्याच्या जोडीच्या कायद्याने बांधकामखर्चावर शेकडा एक उपकर बसे व तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जाई. त्यातून मदत मिळायची तर वय १८ ते ६० हवे, मागल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि दरवर्षी नूतनीकरण हवे. हा अर्ज आता ऑनलाइन झाला आहे.

येथे आम्हीच एक चूक केली. पुष्कळांजवळ फोन नव्हता, म्हणून त्यांच्या अर्जांत आम्ही आमचाच नंबर घातला. पुढे तो नंबर बंद पडला. नूतनीकरणाचा सांकेतिक आकडा येणार कोठे? कित्येकांचे वर्ष बुडाले. दोष यंत्राचा नव्हे, आमचा.

अंगठ्याचे दुखणे याहून जुने. सिमेंट क्षारयुक्त असते; ओल्या मालात हात घालून बोटांवरच्या रेघा झिजतात. २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रमची नोंदणी सुरू झाली, तीत आधारला जोडलेला फोन नसेल तर बोटांचा ठसा लागे. ठसा उमटेना, तेव्हा गवंडी बिचारा हात पुसून पुसून पुन्हा टेकवी. आमच्याच औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्राने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अणुकेंद्राहून सूक्ष्म हालचाल तेथे मोजणार म्हणे!

नव्वद दिवस दहा मालकांकडे भरतात, आणि दाखला द्यायच्या वेळी मुकादमाला आठवत नाही. म्हणून आम्ही आता एवढेच सांगतो: रोज संध्याकाळी कामाची जागा, तारीख व मजुरी मुकादमाला संदेशाने कळवा. त्याने ‘हो’ असे उत्तर दिले की तो संदेश पुसू नका. लिहिता येत नसेल तर आवाजात बोलून पाठवा. मुलीकडून लिहवून घेतले तरी चालेल.