उंबरठ्यावर अडलेले प्रोग्राम

१९९६ साली मी दिवाळी अंकांतल्या लेखांची सूची संगणकावर उतरवायला घेतली. डॉसवर चालणारा एक साधा डेटाबेस प्रोग्राम, रोमन लिपीत टाइप केलेली लेखकांची नावे आणि रोज रात्री दहा-पंधरा नोंदी, असा तो क्रम होता. मध्ये संगणक बदलले, काम चालू राहिले. मागच्या वर्षी पुन्हा नवा संगणक घेतला, जुना फोल्डर त्यात घातला आणि शॉर्टकटवर टिचकी मारली. हा प्रोग्राम येथे चालणार नाही, अशी सूचना आली. इतक्या वर्षांचे काम आत आणि मी बाहेर!

त्यानंतरच्या खटपटीत एक गोष्ट उमगली. ‘उघडत नाही’ ही एकच तक्रार नसते. दोष पत्त्याचा असतो, परिस्थितीचा असतो किंवा यंत्राचा. तो कुठला हे आधी ठरवावे, मगच उपाय शोधावा.

पत्त्यापासून सुरुवात करू. शॉर्टकट म्हणजे प्रोग्राम नव्हे, प्रोग्रामचा पत्ता. डॉस प्रोग्रामचा पत्ता विंडोज ‘पीआयएफ’ प्रकारच्या फाइलमध्ये ठेवत असे. कामाचा फोल्डर, मेमरी, खिडकीत चालवायचा की पूर्ण पडद्यावर, हेही तिच्यातच. फोल्डर हलवला की पत्ता खोटा ठरतो. कामाचा फोल्डर चुकला तर प्रोग्राम उघडतो, पण त्याला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत. शिवाय डॉसमध्ये फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि पुढचा प्रत्यय तीन अक्षरांचा. लांबलचक, मध्ये मोकळी जागा असलेले नाव त्याला वाचता येत नाही. म्हणून असे प्रोग्राम सी ड्राइव्हवर थेट, छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावेत.

दुसरा दोष परिस्थितीचा. विंडोज एक्सपीमध्ये डॉस प्रोग्राम सुरू होताना ‘कॉन्फिग.एनटी’ आणि ‘ऑटोएक्झेक.एनटी’ या दोन फाइली वाचल्या जात. त्यांतली एखादी गहाळ झाली की सिस्टिम फाइल योग्य नसल्याची सूचना येई. विंडोजच्या ‘रिपेअर’ फोल्डरमधली प्रत ‘सिस्टिम३२’मध्ये ठेवली की बहुधा काम होई. डेटाबेस एकाच वेळी बऱ्याच फाइली उघडतो, तेव्हा ‘कॉन्फिग.एनटी’मधल्या ‘फाइल्स’ या ओळीतला आकडाही कधीकधी वाढवावा लागे.

तिसरा दोष यंत्राचा, आणि माझा तोच होता. १९८५च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये जुन्या ८०८६चे सोंग घेण्याची सोय होती. तिच्या आधारे विंडोजचा ‘एनटीव्हीडीएम’ हा भाग डॉस प्रोग्राम चालवी. प्रोसेसर ६४-बिट पद्धतीने चालू लागला की ही सोय उरत नाही, त्यामुळे ६४-बिट विंडोजमध्ये तो भागच नाही. विंडोज १०ची ३२-बिट आवृत्ती तरी मिळत होती. २०२१चे विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. येथे शॉर्टकटमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग नाही.

यंत्र फार वेगवान झाल्यानेही प्रोग्राम अडतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक प्रोग्राम सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ म्हणून बंद पडतात. संगणकाचा वेग मोजण्यासाठी ते क्षणभर आकडे मोजतात आणि त्या संख्येला ५५ने भागतात. वेगवान यंत्रावर उत्तर इतके मोठे येते की ठरलेल्या जागेत मावतच नाही.

या तिसऱ्या दोषावर उपाय म्हणजे ‘डॉसबॉक्स’. २००२ पासून मोफत मिळणारा हा प्रोग्राम जुन्या संगणकाची अख्खी नक्कल करतो. नक्कल किती वेगाने चालवायची हेही त्यात ठरवता येते, त्यामुळे ‘एरर २००’ही टाळता येतो. शॉर्टकटमध्ये पत्ता डॉसबॉक्सचा द्यायचा आणि त्याच्यापुढे आपल्या प्रोग्रामचा. मात्र तो मुख्यतः खेळांसाठी बनवलेला आहे. छपाईसारख्या कामांची हमी तो देत नाही. म्हणून मूळ फाइलींना हात न लावता प्रतीवरच काम करावे.

माझी सूची उघडली त्या रात्री मी एकही नवी नोंद केली नाही. साऱ्या नोंदी आधी साध्या मजकुराच्या फाइलीत काढून घेतल्या. ज्यांच्या कपाटात अशा सूच्या, शब्दसंग्रह, हिशेब पडून आहेत, त्यांनीही प्रोग्राम चालतो आहे तोवर एवढे करून ठेवावे.