थरथरता कप

अब्बांना कंपवात होता. मांडीवर स्वस्थ ठेवलेली त्यांची बोटं आपोआप हलायची, जणू तसबीहचे मणी ओढताहेत. परवा चहा उचलताना माझाच कप थरथरला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

डॉक्टरांनी आधी हात मांडीवर ठेवायला सांगितला, मग पाण्याचा पेला उचलायला. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णन केलेल्या या आजारात हात बहुधा विसावला की कापतो. काम करताना कापणाऱ्या हातामागं अनेकदा दुसरंच काही असतं: थायरॉईड, दम्याचं औषध, घराण्यातली साधी थरथर, माझ्यासारख्याचा अतोनात चहासुद्धा! शिवाय कंपवात बहुतेकांना वारशानं येत नाही.

थायरॉईडचा रिपोर्ट सोमवारी मिळेल. तोवर मी हात मांडीवर ठेवून बघतोय. दिवसातून दहादा.