फोटोंची उतरंड कशी लावावी?

श्रोते हो, आणि विशेषेकरून खेड्यापाड्यांतून शाळा चालविणारे गुरुजी आणि बाई हो, आज मी आपल्याशी टॅबलेटविषयी चार गोष्टी बोलणार आहे. टॅबलेट म्हणजे औषधाची गोळी नव्हे. पाटीएवढा, काचेच्या तोंडाचा तो संगणक. आपण त्याला नुसते ‘टॅब’ म्हणतो. पूर्वीची पाटी ओल्या बोळ्याने पुसली की लिहिलेले सारे जाई. ह्या नव्या पाटीवरचे आपण होऊन काहीच जात नाही. ते साठत राहते, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

गेल्या उन्हाळ्यात नागझिऱ्याच्या बाजूला जाण्याचा योग आला. नागझिरा हे गोंदिया आणि भंडारा ह्या जिल्ह्यांतले जंगल. १९७० साली त्याचे अभयारण्य झाले आणि २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. जंगलाला लागून लहान लहान गावे आहेत, धानाच्या बांध्या आहेत, जुने तलाव आहेत. अशाच एका गावी एका गुरुजींच्या ओसरीवर मी बसलो होतो. दिवस मावळायला आला होता. तेवढ्यात एक म्हातारी बाई काठी टेकीत आली आणि पायरीवर बसली.

“गुरुजी, मांगच्या साली झेंड्याच्या दिवशी तुमी आमच्या बुढ्याचा फोटो काढला होता जी. तो भेटंल का?”

तिचा नवरा पावसाळ्यात वारला होता. घरात त्याचा फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता तेवढाच, पण “तो त्याच्यासारखा दिसतच नाही” असे तिचे म्हणणे.

“भेटंल ना आजी, का नाही भेटणार?” म्हणून गुरुजींनी टॅब उघडला. त्यात सात हजारांवर फोटो! पोषण आहाराच्या ताटांचे, हजेरीच्या पानांचे, प्रशिक्षणाच्या फळ्यांचे, कुणीकुणी पाठविलेल्या ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांचे. गुरुजींचे बोट वर-खाली फिरत राहिले. तास गेला. बाई हूं की चूं न करता बसून होती. शेवटी फोटो सापडला, पण तो व्हॉट्सॲपवर गावाच्या गटात टाकलेला. मूळ फोटो मार्च महिन्यात ‘जागा भरली’ अशी सूचना आली तेव्हा इतर दोनशे फोटोंबरोबर पुसला गेला होता. पुढे गुरुजींनी तो उरलेला फोटो तालुक्याच्या गावी मोठा करायला नेला. फोटोवाला म्हणाला, “गुरुजी, एवढा मोठा केला तर चेहरा फुटतो.”

आता ह्यात गुरुजींचा निष्काळजीपणा म्हणावा, तर तसे नाही. आपल्याला टॅब मिळाला, फोटो काढता येऊ लागला. पण काढलेला फोटो ठेवावा कसा, हे कुणी शिकविले नाही. वास्तविक ही विद्या आपल्या घरात फार जुनी आहे. पूर्वी घरोघरी मडक्यांची उतरंड असे. खाली मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. कोणत्यात तूर, कोणत्यात बियाणे, कोणत्यात मीठ, हे घरच्या बाईला अंधारातही हात घालून सांगता येई. कारण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे, आणि वस्तू घरात आली की त्याच दिवशी ती आपल्या जागी जाई. टॅबमध्ये करायचे ते एवढेच.

ही गोष्ट किती मोलाची आहे, हे पाहायला त्या गावापासून दूर जायला नको. शेजारच्या जंगलातच त्याचा दाखला आहे. वाघ मोजण्यासाठी वनखाते वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधते. जनावर समोरून गेले की त्याच्या अंगाची ऊब आणि हालचाल ओळखून कॅमेरा आपोआप फोटो काढतो आणि त्यावर तारीख-वेळ टाकतो. कॅमेरे दोन कशाला? तर वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे कधी नसतात, जसे आपल्या अंगठ्याचे ठसे. म्हणून दोन्ही कुशी टिपल्या की त्या वाघाची पक्की ओळख हाती येते.

२०१८-१९ च्या अखिल भारतीय गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते. त्यांतून ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले. त्यात वाघांचे फोटो होते ७६,६५१. बाकीचे चितळ, सांबर, रानडुक्कर, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत! ह्या ढिगातून पट्टे जुळवून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. वेगवेगळी जनावरे निवडून काढायला संगणकाची मदत होते, पट्टे ताडून पाहायलाही होते. परंतु हा फोटो कोणत्या ठिकाणच्या, कोणत्या कॅमेऱ्यातून, कोणत्या दिवशी आला, ही नोंद जर चुकली तर कोटी फोटो असूनही उपयोग शून्य.

नागझिऱ्यात जन्मलेल्या ‘जय’ नावाच्या वाघाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. हा वाघ जंगल सोडून निघाला आणि शेते, रस्ते, नाले ओलांडीत २०१३ साली नागपूर जिल्ह्याच्या बाजूला उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोहोचला. एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. असा वाघ नव्या जंगलात दिसला तर तो कुठला, हे कसे कळावे? वाघ काही आपले गाव सांगत नाही. त्याचे पट्टेच ते सांगतात, पण कधी? आधीच्या जंगलातला त्याचा फोटो नावगावासह जपून ठेवलेला असेल तेव्हाच. जुना फोटो नसेल, किंवा असून सापडत नसेल, तर शेजारच्या जंगलातला वाघही अनोळखीच राहतो.

तर मग आपण आपल्या टॅबची व्यवस्था कशी लावावी, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, निवड. आठवड्यातला एक दिवस ठरवून घ्या. बाजाराचा दिवस असला तरी चालेल. त्या दिवशी अर्धा तास बसून त्या आठवड्याचे फोटो पाहा. एकाच प्रसंगाचे दहा असतील तर चांगले दोन ठेवा. गुलाबाची फुले आणि सुविचार आधी काढा. जागा भरल्यावर घाईने पुसायला बसलो की नको ते राहते आणि हवे ते जाते. धान पाखडताना आपण सूप भराभर हलवितो, पण नजर सुपावरच असते ना? तसे हे काम आहे.

दुसरी गोष्ट, कप्पे. ह्या कप्प्याला टॅबमध्ये ‘फोल्डर’ म्हणतात. आधी सालाचा एक कप्पा करा. त्याच्या पोटात चारच कप्पे: शाळा, शेती, घर आणि कागदपत्रे. शाळेच्या कप्प्यात हवे तर आणखी दोन-तीन. ह्याच्यापुढे जाऊ नका. उतरंड फार उंच केली की ती डोक्यावर येते! इथे एक खुलासा करतो. टॅबमध्ये ‘अल्बम’ म्हणूनही एक सोय असते. पुष्कळ टॅबमध्ये फोटो अल्बममध्ये घातला तरी तो मुळातल्या जागेवरून हलत नाही. एकाच माणसाचे नाव मतदारांच्या यादीत असते आणि रेशनच्या यादीतही असते, म्हणून माणसे काही दोन होत नाहीत. तसाच एकच फोटो दोन अल्बमांत दिसतो. म्हणून अल्बममध्ये आहे असे समजून मूळ फोटो पुसू नका. तो पुसला की अल्बममधूनही गेला.

तिसरी गोष्ट, नाव. ही सर्वांत महत्त्वाची. यंत्र फोटोला जे नाव देते ते अक्षरे आणि आकड्यांची माळ असते. ते आपल्याला काही सांगत नाही. नाव द्यायचे ते असे: आधी साल, मग महिना, मग दिवस, मग जागा आणि विषय. उदाहरणार्थ, ‘२०२५-०१-२६ शाळा झेंडावंदन’. साल आधी का? टॅब नावे लावतो ती डावीकडून वाचून. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या सगळ्या पाच तारखा एका ठिकाणी गोळा होतील. साल आधी असले म्हणजे फोटो आपोआप काळाच्या क्रमाने उभे राहतात. महिना एका आकड्याचा असेल तर मागे शून्य घाला, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसण्याचा संभव. आणि आकडे एकाच लिपीत लिहा, मराठी तर मराठी, इंग्रजी तर इंग्रजी. मिसळ केली तर दोन वेगळे ढीग पडतात. टॅबचे घड्याळही अधूनमधून पाहत जा. तारीख चुकीची असेल तर पुढच्या साऱ्या फोटोंच्या तारखा चुकतात. आणि ही चूक उशिरा लक्षात येते.

चौथी गोष्ट, मूळ आणि नक्कल. व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठविलेला फोटो लहान होतो, आणि त्यात लपलेली तारीख-जागेची नोंदही गळून पडते. तो निरोपापुरता ठीक, जपून ठेवायला नव्हे. त्या बाईच्या नवऱ्याचा चेहरा फुटला तो ह्यामुळेच. मूळ फोटो आपल्या कप्प्यात ठेवा, नक्कल गटात पाठवा. ज्यांना मूळच पाठवायचा असेल त्यांनी तो फोटो म्हणून न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मग तो जसाच्या तसा जातो. पण ध्यानात ठेवा, मग त्याबरोबर जागेची नोंदही जाऊ शकते. कुणी जंगलाच्या कडेला वाघिणीचा, पिलांचा, किंवा गोंदियाच्या तलावाकाठी सारसाच्या घरट्याचा फोटो काढला, तर ती जागा गावोगाव पोहोचू देणे धोक्याचे आहे. गर्दी जाते, आणि वाईट हेतूचा माणूसही जातो. शाळेतल्या मुलांच्या फोटोंनाही हाच न्याय लावावा. आईबापांच्या संमतीवाचून लेकरांचे चेहरे बाहेर जाऊ देऊ नयेत.

पाचवी गोष्ट, दुसरी प्रत. शेतकरी सारे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. महत्त्वाचे फोटो आणि कागद तीन जागी असावेत: टॅबमध्ये, घरातल्या पेनड्राइव्हवर आणि इंटरनेटवरच्या साठ्यात. टॅबमध्येच बसविलेले मेमरी कार्ड ही दुसरी जागा मानू नका. टॅब पाण्यात पडला तर दोन्ही बरोबरच जातात. इंटरनेटवरच्या साठ्याचेही एक कळून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी तो टॅबशी जोडलेला असतो. टॅबवर पुसलेले तिथेही पुसले जाते. काही दिवस ते कचरापेटीत राहते, मग कायमचे जाते. म्हणून चुकून पुसले असे वाटताच आधी कचरापेटी पाहा. सातबारा, आधार, बँकेचे पुस्तक ह्यांचे फोटो गुलाबांच्या फुलांत ठेवू नका. वेगळ्या कप्प्यात, कुलूप लावून ठेवा.

गुरुजनांसाठी एक जास्तीची सूचना. आज ना उद्या आपली बदली होते. शाळेचा टॅब मागे राहतो. शाळेचे फोटो आणि घरचे फोटो पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले असतील तर नव्या गुरुजींच्या हाती शाळेचा इतिहास नीट पडतो. नाहीतर ते बिचारे सगळेच पुसून पाटी कोरी करतात!

व्यंकटेश माडगूळकर हे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर पुष्कळ वर्षे होते. त्यांनी ह्याच जंगलात मुक्काम करून ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्याजवळ टॅब नव्हता. जे पाहिले ते त्यांनी शब्दांत नोंदविले, म्हणून ते आज आपल्याला सापडते. आपल्या हाती त्यांच्यापेक्षा मोठे साधन आहे, पण शब्द लिहिण्याचा कंटाळा केला तर ते साधन मुके राहील.

त्या गुरुजींनी पुढे काय केले ते सांगून संपवितो. पोस्टकार्डाएवढा फोटो मात्र बरा निघाला. तो त्यांनी त्या बाईला चौकटीत बसवून दिला. मग टॅबमध्ये ‘गावची माणसे’ असा एक कप्पा केला आणि एका रविवारी तिलाच शेजारी बसवून घेतले. झेंडावंदनाचा एक मोठा फोटो वाचला होता, त्यात मागे उभी असलेली अकरा माणसे. गुरुजींना त्यांतली चारच ओळखता आली. बाईने बोट ठेवून एकेकाचे नाव सांगितले. कोण कुणाचा, कुठल्या टोल्यावरचा, तेही सांगितले. गुरुजी लिहीत गेले. त्या अकरांपैकी दोघे आज हयात नाहीत.

श्रोते हो, फोटो यंत्र काढते, पण नाव माणूसच सांगू शकतो, आणि नाव सांगणारी माणसे कायमची आपल्याजवळ नसतात. तेव्हा ह्या आठवड्यात सात हजार नको, दहाच फोटो घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, विचारा आणि नावे लिहून ठेवा. बाकीची उतरंड मग हळूहळू लागेल.